तराजूकाकांचा निरंक दाखला

गुन्हा करायला निघालेल्या माणसाने निदान उपाशीपोटी निघू नये, असं काकूंचं स्पष्ट मत होतं. म्हणून मंगळवारी सकाळी तराजूकाकांनी दोनदा चहा घेतला, तिसऱ्यांदा चष्मा पुसला, हेल्मेट खुंटीवर तसंच राहू दिलं आणि आघाडीवर निघालेल्या सैनिकासारखा चेहरा करून ते जिना उतरले.

"लवकर पकडले जा हो," काकू गॅलरीतून ओरडल्या. "दुपारी नळवाला यायचाय. त्याच्याशी मी नाही भांडणार."

काका म्हणजे तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. सबंध बाजारातल्या वजनांवर दरसाल शिक्का मारायचा त्यांनी, म्हणून 'तराजूकाका' हे नाव त्यांना चिकटलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. सध्या त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, आणि त्या कामावर त्यांचा सगळा दिवस उभा असे. दुसरीतल्या नातीला, म्हणजे टिकलीला, स्कूटरवरून शाळेत सोडायचं. सात मिनिटांचा रस्ता काकांना अठरा मिनिटं लागत. कारण ते वळताना दिवा लावत, शिवाय हात दाखवत, शिवाय तोंडाने "वळतोय बरं का" असंही म्हणत. सिग्नल हिरवा असला तरी दोन्हीकडे बघून घेत. त्या अठरा मिनिटांत टिकली मागे बसून शाळेतल्या सगळ्या भानगडी त्यांच्या पाठीला सांगत असे. काकांच्या मते त्यांना मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा ही पेन्शन मोठी होती.

तर गेल्या रविवारी काय झालं, की चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्यात एक आलेख होता. जेवताना आलेख दाखवणाऱ्या माणसापासून जपून राहावं हे काकांना माहीत होतं, पण मुलगा स्वतःचाच असल्यावर जपणार कसं?

"बाबा, उद्यापासून टिकलीला मी गाडीने सोडणार. आणि पुढच्या सोमवारपासून शाळेची व्हॅन. वर्षभराचं बोलून ठेवलंय. शनिवारी नक्की कळवायचं."

"का?"

"तुमचं वय एकोणसत्तर आहे."

"कळवल्याबद्दल आभारी आहे. मी विचारलं, का?"

"हे बघा. साठीनंतर माणसाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ असा वाढत वाढत जातो."

काकांनी चष्मा वर करून आलेख नीट पाहिला. "ह्यात माझं नाव कुठे आहे?"

"नावं नसतात बाबा आलेखात!"

"मग मला कशाला दाखवतोस? तेहेतीस वर्षं तीच स्कूटर चालवतोय. एकाही पोलिसाने मला कधी बाजूला घेतलं नाही. एकदाही!"

"असं सगळेच म्हणतात," चिरंजीव लॅपटॉप मिटत म्हणाले. "कागद आहे?"

हा घाव वर्मी बसला. तीस वर्षं काकांनी दुकानादुकानात जाऊन हाच प्रश्न विचारला होता. 'कागद आहे?' आणि ज्याच्याकडे नाही त्याची वजनं पिशवीत भरून आणली होती. काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "शनिवारच्या आत कागद आणून दाखवतो."

"आणा. कागद दाखवलात तर व्हॅन रद्द."

सोमवारी सकाळी टिकली गाडीतून गेली. खिडकीतून हात हलवत होती, पण काच वर होती, त्यामुळे तिने काय सांगितलं ते काकांना कळलं नाही. ते तसेच वाहतूक कार्यालयात गेले. चार खिडक्या, एक पंखा, आणि पंख्याखालच्या खिडकीवर 'ही खिडकी बंद आहे' अशी पाटी. काकांचा नंबर तास-दीड तासाने लागला.

"निरंक दाखला हवाय," काका म्हणाले. सरकारी भाषेत 'निरंक' म्हणजे काहीही नाही. पण 'काहीही नाही' म्हटलं तर कोणी विचारत नाही, 'निरंक' म्हटलं की कारकून मान वर करतो.

"कशाचा?"

"वाहतुकीच्या गुन्ह्यांचा. एकही नसल्याचा."

कारकुनाने गाडीचा नंबर घातला. "येत नाही."

"तेच! येणारच नाही. तेवढंच लिहून द्या."

"अहो आजोबा, येत नाही म्हणजे तुमची फाइलच नाही. फाइल नसताना त्यात काही नाही असं कसं लिहू? कशात काही नाही?"

दुःखाची गोष्ट अशी, की काकांना हे पटलं. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला असल्या गोष्टी लगेच पटतात.

"मग फाइल उघडा."

"पहिल्या गुन्ह्याला आपोआप उघडते."

"आणि त्यानंतर?"

"दंड भरलात की 'बाकी निरंक' असा दाखला. छान रंगीत येतो."

"म्हणजे गुन्हा करणाऱ्याला दाखला, आणि न करणाऱ्याला..."

"न करणारा इथे येतोच कशाला?" कारकून खरोखरच्या कुतूहलाने म्हणाला. "एवढ्या वर्षांत तुम्ही पहिलेच."

काकांच्या खात्यात बरोबर असेल त्या वजनावर शिक्का मारत आणि चुकीचं जप्त करत. इथे सगळा उलटा कारभार. मागे उभा असलेला एक गृहस्थ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, माझे नऊ आहेत. एखादा तुमच्या नावावर करता आला असता तर आनंदाने दिला असता."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे विमेवाले सल्ला द्यायला खाली आले. ते विमा विकत. समोरच्याच्या आयुष्यात काही बिघडलं की त्यांना आपोआप जिना उतरावासा वाटे.

"काका, तुमच्या वयाला हेल्मेटचा गुन्हा उत्तम. जोखीम कमी."

"डोक्याला जोखीम वाढते ना पण?"

"डोक्याला वाढते, इभ्रतीला कमी होते. दारू वगैरे तुम्हाला झेपणार नाही. त्यानंतर बघा, एकेरी रस्त्यात उलटं शिरणं. हेही सभ्य असतं, चांगल्या घरातली माणसं करतात. आणि अगदीच निरुपाय झाला तर सिग्नल तोडायचा. फक्त एक गोष्ट. मोहीम चालू नसेल तर मेहनत फुकट जाते. मोहिमेच्या आठवड्यात पोलीस पकडतात, एरवी ते बघतात."

"मग एरवी लोक नियम का पाळतात?"

विमेवाल्यांनी काकांकडे मायेने पाहिलं. "कोण पाळतं?"

तर असे काका मंगळवारी उघड्या डोक्याने बाहेर पडले. डोक्यावर हेल्मेट नाही म्हटल्यावर त्यांना अंगावर कपडेच नसल्यासारखं वाटायला लागलं. ओळखीचं कोणी दिसलं की ते मान खाली घालत. बाजारच्या चौकात एक तरुण हवालदार उभा होता. काका त्याच्या समोरून सावकाश गेले. त्याने पाहिलं नाही. ते वळसा घालून परत आले आणि ह्या वेळी डोकं त्याच्या बाजूला थोडं कलतं ठेवलं. त्याने पाहिलं, पण नजर फिरवली. तिसऱ्या वेळी काकांनी स्कूटर त्याच्या पुढ्यातच उभी केली, त्याच्याकडे रोखून बघितलं आणि खाकरले.

हवालदाराने खाडकन सलाम ठोकला.

बिचाऱ्याचं चुकलं असं कसं म्हणावं? ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही आणि चेहऱ्यावर भीतीही नाही, वर जो पोलिसासमोरून तीन-तीन चकरा मारतो, तो साध्या कपड्यातला वरचा साहेब नसेल तर कोण असेल? काका चौक सोडून जातात न जातात तोच हवालदाराने फोन लावला. साहेब फेरीवर आहेत म्हटल्यावर पुढच्या तिन्ही चौकांत शिट्ट्या वाजायला लागल्या, झाडाआड बसलेले दोघे रस्त्यात आले, आणि अर्ध्या तासात बाजारातली बावीस माणसं पकडली गेली. त्यांत विमेवाले होते.

"तुमच्यामुळे!" संध्याकाळी ते दारात उभे राहून म्हणाले. "वीस वर्षं त्या चौकातून मी तसाच जातोय!"

"अभिनंदन," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात निर्भेळ असूया होती.

बुधवारी काका एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने शिरले. म्हणजे पाटीपाशी थांबले, पाटी दोनदा वाचली, 'प्रवेश बंद' मधला लाल रंग डोळ्यांत भरून घेतला आणि मग शिरले. आत बघतात तर सगळेच उलट्या बाजूने चाललेले. समोरून सरळ बाजूने येणारा एकच मोटारवाला होता, आणि लोक त्याला दम देत होते. "दिसत नाही का? सगळे इकडून येतायत!" तो गयावया करत गाडी मागे घेत होता. काकांना त्याची इतकी दया आली की ते खाली उतरले आणि त्याला मागे घ्यायला मदत करू लागले. टोकाला पोलीस होताच. काका स्कूटर ढकलत त्याच्याजवळ गेले आणि आशेने म्हणाले, "मी उलटा आलोय."

"ढकलत आणलीत ना? मग तुम्ही पादचारी झालात. पादचाऱ्याला उलट-सुलट नसतं."

"पण सुरुवातीला मी बसून..."

"आजोबा, उन्हात उभे राहू नका."

त्या रात्री काका नीट जेवले नाहीत. टिकली येऊन शेजारी बसली. तीन दिवसांच्या शाळेतल्या भानगडी साचल्या होत्या, पण सांगायची जागा स्कूटर. सोफ्यावर तिला त्या आठवेनात. "गाडीत बाबांना सांगत जा की," काका म्हणाले. "बाबा फोनवर असतात," ती म्हणाली आणि सोफ्याचा दोरा ओढत बसली. काकांनी मग तिथेच ठरवलं, की आता आडमार्ग नको. सरळ कबुली द्यायची.

शाळेच्या वाटेवर पाण्याच्या टाकीचा चौक लागतो. तिथल्या हवालदारबाईंचा दरारा असा होता की त्यांना लांबून पाहूनच लोक गाडी चालवता चालवता पट्टे बांधत. गुरुवारी काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात मागे बांधून म्हणाले, "बाई, मला एक कबूल करायचंय. परवा मी हेल्मेट घातलं नव्हतं."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. हेल्मेट डोक्यावर होतं, हनुवटीखाली पट्टा होता, पट्ट्याची पिन लागलेली होती.

"परवा मी सुट्टीवर होते."

"पण गुन्हा तर घडला ना!"

"मी पाहिला नाही ना. घरी कोण आहे तुमच्या? नंबर आहे का कोणाचा? पत्ता आठवतोय?"

पत्ता आठवत असल्याचं सिद्ध करण्यात काकांची पंधरा मिनिटं गेली. निघताना बाई हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून मोहीम सुरू होतेय. रस्त्यावर जरा सांभाळून."

काकांच्या कानांत घंटा वाजल्या. मोहीम!

शुक्रवारी सकाळी पावणेआठला काका टाकीच्या चौकात पांढऱ्या पट्टीच्या मागे उभे होते. असा योग पुन्हा येणार नव्हता. सिग्नल लाल. बाई समोरच, हातात दंड लिहायचं यंत्र. डावीकडे बस, उजवीकडे बॅटऱ्यांनी भरलेली हातगाडी, मधल्या जागेत काका. विमेवाल्यांचा पाठ तोंडपाठ होता: बाईंची नजर आली की निघायचं, चार हात पुढे जायचं, शिट्टी वाजली की थांबायचं. मग फाइल, मग दंड, मग दाखला, मग टिकली. बाईंनी नजर इकडे वळवली. काकांनी उजव्या पायाला हुकूम दिला. ब्रेकवरून ऊठ.

पाय उठला नाही.

काकांनी पायाला समजावलं. अरे, चारच हात जायचंय. पाय ढिम्म. तेहेतीस वर्षं ज्याला लाल म्हणजे दाब एवढंच शिकवलं, तो आज एकाएकी ऐकेल कशाला? तेवढ्यात मागच्या मोटारीने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. साधासुधा नव्हे, गळ्यात अडकलेला घास काढतात तसा सलग, दाबून धरलेला. रस्ता मोकळा दिसतोय, समोरून कोणी येत नाही, मग हा म्हातारा हलत का नाही, असा त्या हॉर्नचा सरळ अर्थ होता. मोटारीला डावीकडे बस आणि उजवीकडे हातगाडी असल्यामुळे काकांना ओलांडता येत नव्हतं. काकांनी आरशात बघायची हिंमत केली नाही. आता सगळं जग म्हणत होतं जा. बाईंचं यंत्र म्हणत होतं जा. टिकलीसुद्धा जणू म्हणत होती जा. काकांनी दात आवळले, आणि पाय आणखी घट्ट दाबला.

आणि उजवीकडून, स्वतःच्या हिरव्या सिग्नलवर, पाण्याने काठोकाठ भरलेला टँकर असा गेला की चौकातली धूळ उठायच्या आत भिजली. वळणाआडून तो आलेला कोणालाच दिसला नव्हता. जिथे काका आणि त्यांच्या मागची मोटार ह्या क्षणी असायला हवी होती, नेमकी ती जागा त्याने पुसून काढली. निम्मी बादली काकांच्या अंगावर आली.

हॉर्न थांबला.

सिग्नल हिरवा झाला. काका हलले नाहीत. पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. बस निघून गेली, हातगाडी निघून गेली. आता पाय ब्रेकवरून उठायला तयार होता, पण बाकीच्या काकांनी साथ सोडली होती.

हवालदारबाई तरातरा आल्या. "आजोबा! हिरवा झालाय! दोनदा झाला!"

"माहीत आहे. गुडघे नाही म्हणतायत."

"हिरव्यावर असं उभं राहणं म्हणजे वाहतुकीला अडथळा आहे, कळतंय का?"

काकांच्या भिजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "म्हणजे... गुन्हा?"

"मग?"

"लिहा! बाई, लिहा! उशीर करू नका!"

"तुम्ही कालचे कबुलीवाले ना?" बाईंनी कपाळाला हात लावला आणि नंबर घातला. तेवढ्यात मागच्या मोटारीचं दार उघडलं. उतरलेल्या माणसाचा रंग उडालेला होता. एका हातात अजून फोन होता. हॉर्नवर एक हात आणि फोनवर एक, त्यामुळे समोर बघायला त्याच्याकडे काही शिल्लक राहिलं नव्हतं. तो काकांसमोर येऊन उभा राहिला.

"बाबा?"

"तू?" काका म्हणाले. मग त्यांनी मोटारीकडे पाहिलं. पुढच्या सीटवर टिकली होती. डोक्यावर तिचं लाल हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा, पट्ट्याला पिन.

"मी सांगत होते, आजोबा आहेत, आजोबा आहेत," ती खिडकीतून म्हणाली. "बाबा म्हणाले, गप्प बस."

बाई वाकून बघायला लागल्या. "बाळ, गाडीत हेल्मेट कशाला गं?"

"बाबा बेल्ट लावत नाहीत, मलापण लावत नाहीत. आजोबा म्हणतात डोकं एकच असतं."

बाई सरळ झाल्या. एकदा त्यांनी टँकर गेला त्या ओल्या पट्ट्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, एकदा बापाकडे. मग यंत्रावरचं मोठ्याने वाचलं. सवयच असावी त्यांना. "स्कूटर. एकही नोंद नाही." त्या थबकल्या. "नवीन घेतलीत?"

"तेहेतीस वर्षांची आहे," काका म्हणाले.

"तेहेतीस वर्षांत काही नाही?" बाईंनी यंत्राला चापटी मारून बघितली. यंत्राने तेच सांगितलं. मग त्यांनी मोटारीचा नंबर घातला आणि पडदा बोटाने वर सरकवत राहिल्या, सरकवतच राहिल्या. "साहेब, तुमच्या नावावर सात आहेत. आजचे धरून दहा. फोन, बेल्ट, आणि लेकरू पुढच्या सीटवर."

चिरंजीव एरवी आलेख काढून दाखवणारे. पण हा आलेख त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतला.

"आणि माझं?" काकांनी काकुळतीला येऊन विचारलं. "अडथळा! फाइल!"

"तुमचं नाही लिहीत मी."

"असं नका हो करू. आठवडाभर झटतोय."

"आजोबा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "तुम्ही थांबला नसतात तर आत्ता मी इथे वेगळंच काहीतरी लिहीत असते. जा. पोरीला घेऊन जा."

चिरंजीवांनी मोटारीचं दार उघडलं आणि टिकलीला उचलून स्कूटरवर बसवलं. तिचा हात काकांच्या ओल्या कमरेभोवती गेला तेव्हा काकांचे गुडघे एकदम ताळ्यावर आले. त्यांनी दिवा लावला, हात दाखवला, "निघतोय बरं का" म्हणाले. टिकलीने चौक ओलांडायच्या आतच पहिली भानगड सुरू केली. मागोमाग चिरंजीवांची मोटार येत होती, काकांच्या चालीने, पट्टा बांधून. तिच्या मागे रांग लागली आणि लोक हॉर्न वाजवू लागले. चिरंजीवांनी नाही वाजवला. वाटेत व्हॅनवाल्याचा फोन आला तो वाजून वाजून बंद पडला.

शाळेचं फाटक अर्थातच बंद झालं होतं. पहारेकऱ्याने उशिरा येणाऱ्यांची वही खिडकीतून पुढे सरकवली. "कारण लिहा. शेजारी आईची नाहीतर वडिलांची सही. आजोबांची चालत नाही."

काकांनी पेन घेतलं. बाहीतून टपकणारं पाणी वहीवर पडू नये म्हणून हात लांब धरून त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'सिग्नल लाल होता.'

मग वही बाजूला सरकवली. चिरंजीवांनी ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. खिशात पेन शोधलं, सापडलं नाही, म्हणून वडिलांच्या हातातलंच घेतलं आणि शेजारच्या रकान्यात सही केली.